ताकद किती ते विचारता, कुठल्या चाकाला जाते ते का नाही विचारत?

मंडळी, पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. गाड्यांचं वेड असो वा नसो, वाचा. कारण गाडी ज्याची त्याची असली तरी रस्ता सगळ्यांचा असतो.

आपल्याकडे गाडी घेताना वर्षानुवर्षं एकच प्रश्न होता, "किती देते?" आता पगार वाढले, रस्ते झाले, प्रश्न बदलला. आता विचारतात, "शून्य ते शंभर किती सेकंदात?" या दोन्ही प्रश्नांची उत्तरं शोरूममधल्या पोराला तोंडपाठ असतात. पण "ही ताकद कुठल्या चाकांना जाते, आणि पकड सुटली की गाडी कुठून सुटते?" असं विचारून बघा. दहातले आठ जण मॅनेजरला बोलवायला जातील, आणि मॅनेजर येऊन सनरूफ दाखवेल.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. २०१० मध्ये बीएमडब्ल्यूच्या तेव्हाच्या प्रमुखांनीच सांगितलं होतं की त्यांच्या वन सिरीज गाडीच्या ८० टक्के मालकांना आपली गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे असं वाटतं. गाडी होती रिअर व्हील ड्राइव्ह! म्हणजे "अल्टिमेट ड्रायव्हिंग मशीन" म्हणून पैसे मोजले आणि मशीन कुठून चालतं तेच ठाऊक नाही. पुढे २०१९ मध्ये कंपनीने ती गाडी खरोखरच फ्रंट व्हील ड्राइव्ह करून टाकली. ग्राहकाला फरक कळत नसेल तर कंपनी कशाला खर्च करेल?

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. ताकद पुढच्या चाकांना, मागच्या की चारही चाकांना, यावरून गाडी किती जोरात पळेल ते थोडंच ठरतं; ती तुम्हाला धोक्याची सूचना कशी देईल आणि किती आधी देईल हे मात्र बरंचसं ठरतं. गाडीवेडे लोक ज्याला "फील" म्हणतात ना, ती चैन नाही. ती माहिती आहे. आणि ही माहिती न देता ३००-५०० हॉर्सपॉवर विकणं हा बेजबाबदारपणा आहे. विकणाऱ्याचाही आणि परवाना देणाऱ्याचाही.

आधी टायरचा पगार समजून घ्या

प्रत्येक टायर रस्त्याला साधारण तळहाताएवढ्या जागेवर टेकलेला असतो. चार टायर, चार तळहात, बस्स. गाडी पळते, वळते, थांबते ती एवढ्यावरच.

या टायरच्या पकडीला पगार समजा. महिन्याचा पगार ठरलेला आहे. त्यातून वळण्याचा खर्च भागवायचा, पळण्याचा भागवायचा आणि ब्रेकचाही भागवायचा. सगळा पगार वळण्यात घालवला तर पळायला काही उरत नाही. दोन्ही खर्च एकदम काढलेत की टायर हात वर करतो. गाडी घसरते म्हणजे दुसरं काही नसतं, पगारापेक्षा खर्च जास्त झालेला असतो.

पाऊस पडला की हा पगार कापला जातो. जूनचा पहिला पाऊस तर सगळ्यात वाईट, कारण रस्त्यावरची धूळ आणि तेल मिळून साबण होतो. हिशेब सरळ आहे. पकड निम्मी झाली की थांबायचं अंतर दुप्पट होतं. कोरड्यात जो वळसा ६० च्या वेगाने पकडीच्या अगदी टोकावर निघतो, त्याच वळशाचं टोक निम्म्या पकडीत ४२ लाच येतं. गाडी दहा लाखांची असो की एक कोटीची, यात सवलत नाही.

आता लेआउटचा संबंध इथे येतो. इंजिनाचा खर्च कुठल्या टायरच्या पगारातून कापला जातो, एवढाच तो प्रश्न आहे.

फ्रंट व्हील ड्राइव्ह: ज्याला हसता तोच शहाणा

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि आपला देश फ्रंट व्हील ड्राइव्ह शिकला. त्याआधीची फियाट-पद्मिनी आणि अँबेसिडर दोन्ही मागून ढकलणाऱ्या. मारुती पुढून ओढणारी. इंजिन, गिअरबॉक्स, सगळं वजन पुढच्या चाकांवर. त्यामुळे ओल्यात आणि चढावर ही हलकी गाडीसुद्धा बरी चालायची.

यात पुढच्या टायरवर दोन कामं पडतात, ओढायचं आणि वळायचं. वळणात जास्त रेस दिली की पुढच्या टायरचा पगार संपतो. गाडी नाक धरून सरळ जायला लागते, तुम्ही स्टेअरिंग फिरवता आणि गाडी ऐकत नाही. याला म्हणतात अंडरस्टिअर. भीतीदायक वाटतं, पण यातली चांगली गोष्ट ओळखा. स्टेअरिंग हलकं पडतं, हातांना कळतं. आणि घाबरलेला माणूस नैसर्गिकपणे जे करतो, म्हणजे रेस सोडतो, तेच बहुतेक वेळा बरोबर उत्तर असतं. वजन पुढे येतं, पुढच्या टायरला पकड मिळते, नाक पुन्हा आत येतं. सर्वसामान्य ड्रायव्हरसाठी याहून जास्त क्षमाशील मांडणी नाही.

पण आमचे स्वयंघोषित गाडीतज्ज्ञ म्हणणार, "फ्रंट व्हील ड्राइव्ह? ही कसली स्पोर्ट्स कार!" २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय आणि ऑक्टाव्हिया आरएस आपल्याकडे आल्या, दोन्ही २६५ पीएस, दोन्ही फ्रंट. त्यांच्याखाली हेच टोमणे.

या तज्ज्ञांसाठी दोन आकडे. जर्मनीतला न्यूरबुर्गरिंगचा नॉर्डश्लाइफ, २०.८ किलोमीटरचा, जगातला सगळ्यात अवघड समजला जाणारा ट्रॅक. २०२३ मध्ये होंडा सिव्हिक टाइप आर या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीने तो ७ मिनिटं ४४.८८ सेकंदांत पार केला. त्याच वर्षी बीएमडब्ल्यू एम२ या रिअर व्हील ड्राइव्ह गाडीने ७ मिनिटं ३८.७ सेकंद घेतले. सिव्हिकची ताकद ३२९ पीएस, एम२ ची ४६०. म्हणजे १३१ पीएस जास्त घेऊन एवढ्या लांब ट्रॅकवर बचत किती? सहा सेकंद.

हे फुकट झालेलं नाही. ताकद वाढली की फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी रेस देताच स्टेअरिंग हातातून ओढते, त्याला टॉर्क स्टिअर म्हणतात. त्यावर होंडाने पुढच्या सस्पेन्शनची वेगळी रचना केली, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष चाकाच्या मध्याजवळ आणला. सोबत लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल दिलं, म्हणजे वळणात आतलं हलकं झालेलं चाक नुसतं गरगरत ताकद वाया घालवत नाही. इंजिनिअरिंग याला म्हणतात. नुसता हॉर्सपॉवरचा आकडा छापणं म्हणजे इंजिनिअरिंग नव्हे.

एक धोका मात्र याही गाडीत आहे. वेगात, उतारावर, वळणात अचानक रेस सोडून ब्रेक मारला तर मागचा भाग हलका होऊन शेपूट बाहेर येऊ शकते. मागचे टायर गोटा झालेले असतील तर हमखास. हे टायरचं प्रकरण लक्षात ठेवा, पुढे परत सांगणार आहे.

रिअर व्हील ड्राइव्ह: मजा खरी, पण मस्ती खोटी

रेस दिली की गाडीचं वजन मागे जातं. तुम्ही सीटमध्ये मागे दाबले जाता ना, तेच. मग ढकलायचं काम मागच्या टायरला दिलं तर वजनही तिथेच आणि कामही तिथेच. पुढचे टायर फक्त वळायचं काम करतात, म्हणून स्टेअरिंग स्वच्छ लागतं. ताकदवान गाडीसाठी ही मांडणी तर्काला धरून आहे, आणि चालवायला सुखाची आहे. माझ्या मते वळणातून बाहेर पडताना मागून हळुवार ढकलली जाणारी गाडी ही चालवण्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे. इथपर्यंत रिअर व्हील ड्राइव्हवाल्यांशी माझं भांडण नाही.

भांडण पुढे आहे. मागच्या टायरचा पगार संपला की शेपूट सुटते, ओव्हरस्टिअर. ही सूचना हातांना नाही, कमरेला मिळते, सीटमधून. ती ओळखायला सराव लागतो. आणि उत्तर नैसर्गिक नाही. गाडी डावीकडे फिरते आहे तर स्टेअरिंग उजवीकडे द्यायचं, नजर जायचंय तिकडे ठेवायची, रेस झटक्यात सोडायची नाही, शेपूट परत येताना स्टेअरिंग वेळेवर सरळ करायचं. हे सगळं एका सेकंदात. पहिल्यांदा करणारा माणूस हे चुकतोच. हा त्याचा दोष नाही, त्याला कुणी शिकवलेलंच नाही.

हे आपल्या लोकांना अजिबात माहीत नाही असं समजू नका. रिकामी पिकअप घेऊन मार्केट यार्डातून पावसात परत जाणाऱ्या कुठल्याही ड्रायव्हरदादाला विचारा. माल भरलेला असताना ठीक, रिकामी झाली की मागून हलते. का? ताकद मागच्या चाकांना आणि मागे वजन नाही. दादाने कुठलंही मासिक वाचलेलं नाही, पण त्याच्या कमरेला फिजिक्स कळतं. ३० लाखांची गाडी घेणाऱ्या साहेबांना ते कळत नाही, कारण त्यांच्या आधीच्या चारही गाड्या फ्रंट व्हील ड्राइव्ह होत्या.

आणि मग रील्स. मोकळ्या रस्त्यावर, एखाद्या एमआयडीसीच्या चौकात, ईएससी बंद करून गोल गोल फिरवणारे. ईएससी म्हणजे गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला स्वतःहून ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा. ती बंद करून सार्वजनिक रस्त्यावर शेपूट हलवणाऱ्याला "काय कंट्रोल आहे भावाचा!" अशा कमेंट करणाऱ्यांनो, कंट्रोल असता तर भाऊ ट्रॅकवर असता.

इंजिन कुठे आहे? कावड घेऊन वळून बघा

थोडक्यात सांगतो. शिंगणापूरला कावडी जातात, पाहिल्या असतील. दोन टोकांना जड भार असलेली कावड खांद्यावर घेऊन गर्रकन वळायचा प्रयत्न करा. आधी वळायलाच जड जातं, आणि एकदा फिरायला लागली की थांबवायला त्याहून जड. तेच वजन पोटाशी धरलंत तर झटक्यात वळता.

इंजिन गाडीच्या मध्यात, दोन ॲक्सलच्या आत असेल तर गाडी पोटाशी धरलेल्या ओझ्यासारखी वळते. चपळ, पण घसरली तरी तितक्याच चपळाईने गरकन फिरते. सावरायला वेळ कमी. पोर्शे ९११ मध्ये इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे. रेस देताना पकड अफाट, पण वळणात घाबरून रेस सोडली की मागचं लंबक झोका घ्यायचं. कंपनीने १९६९ च्या मॉडेलला दोन ॲक्सलमधलं अंतर ५७ मिलिमीटरने वाढवलं ते वजनाचा हाच तोल सुधारण्यासाठी. तरी १९७५ च्या टर्बोला, जेमतेम २६० पीएस असताना, लोकांनी "विडोमेकर", म्हणजे बायकांना विधवा करणारी, असं नाव ठेवलं. २६० पीएस! आज याहून जास्त ताकद आपल्याकडे फॅमिली एसयूव्हीत मिळते.

ऑल व्हील ड्राइव्ह: सगळ्यात मोठी थाप

आता मुख्य मुद्द्यावर येतो. "सर, ऑल व्हील ड्राइव्ह आहे, घाटात पावसात बिनधास्त." हे वाक्य शोरूममध्ये ऐकू आलं की माझं डोकं सणकतं.

ऑल व्हील ड्राइव्ह काय करते? इंजिनाचा खर्च चार टायरमध्ये वाटते. त्यामुळे वळणातून बाहेर पडताना, चिखलात, चढावर गाडी उत्तम निघते. १९८० मध्ये जिनिव्हाला ऑडीने क्वाट्रो दाखवली आणि पुढच्या काही वर्षांत रॅलीचं जग बदलून टाकलं. यात शंका नाही.

ती काय करत नाही, ते ऐका. ती ब्रेक सुधारत नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात, मारुती ८०० लाही होते. ती वळणातली पकड वाढवत नाही, कारण पकड टायरची असते, शाफ्टची नाही. उलट त्या यंत्रणेचं वजन वाढतं, आणि ते थांबवायला त्याच चार तळहातांना जास्त घाम गाळावा लागतो.

आणि खरा धोका असा. टू व्हील ड्राइव्ह गाडीत रस्ता निसरडा असेल तर रेस देताच चाक फिरतं, दिवा लुकलुकतो, गाडी वळवळते. म्हणजे गाडी सांगते, "बाबा रे, आज पकड नाही." ऑल व्हील ड्राइव्ह गाडी त्याच रस्त्यावर निमूट सुसाट सुटते. तुम्हाला वाटतं रस्ता चांगला आहे. पुढच्या वळणावर ब्रेक दाबता तेव्हा सत्य कळतं, आणि तेव्हा वेग वीसने जास्त असतो. ऑल व्हील ड्राइव्ह पकड वाढवत नाही. पकड कमी आहे ही बातमी उशिरा देते. एवढं वाक्य लक्षात राहिलं तरी पोस्ट वसूल.

उदाहरण देतो. १९९२, ऑस्ट्रेलियातली बाथर्स्टची शर्यत. निसान जीटी-आर, तेव्हाची सगळ्यात प्रगत ऑल व्हील ड्राइव्ह यंत्रणा. चालवणारा जिम रिचर्ड्स, बाथर्स्ट अनेकदा जिंकलेला. शेवटी शेवटी मुसळधार पाऊस आला, टायर कोरड्या ट्रॅकचे, बिनखाचांचे. जीटी-आर भिंतीला घासली आणि पुढे घसरत जाऊन आधीच आदळलेल्या गाड्यांच्या ढिगाऱ्यात थांबली. शर्यत थांबवावी लागली. आधीच्या फेरीचा निकाल धरल्यामुळे जीटी-आरच विजेती ठरली हा भाग वेगळा. मुद्दा काय? जगातली उत्तम यंत्रणा, कसलेला ड्रायव्हर, आणि टायरने हात वर केल्यावर दोघांचंही काही चाललं नाही. ताम्हिणीत तुमचं चालेल असं ज्याने सांगितलं त्याला हे दाखवा.

आणि आता आल्या इलेक्ट्रिक

इतके दिवस हा विषय हौशी लोकांचा होता. आता तसा राहिलेला नाही. महिंद्राच्या बीई ६ ला मोटर मागे, ताकद मागच्या चाकांना, मोठ्या बॅटरीच्या मॉडेलला २१० किलोवॅट, म्हणजे २८६ हॉर्सपॉवर. टाटा हॅरियर ईव्ही मागच्या चाकांच्या ताकदीची मिळते आणि दोन मोटरची, चारही चाकांच्या ताकदीचीसुद्धा. बीवायडी सीलचं वरचं मॉडेल ५३० पीएस, ३.८ सेकंदांत शंभर. या गाड्या चांगल्या आहेत, मुद्दाम सांगतो. बॅटरी तळाशी असल्यामुळे गुरुत्वमध्य खाली, तोल उत्तम. देशी कंपन्यांनी हे केलं याचा अभिमानच आहे.

पण तीन गोष्टी बदलल्या. एक, ताकद ताबडतोब येते. पेट्रोल इंजिन आवाज चढवत, गिअर बदलत सांगायचं की आता जोर येतोय. मोटर सांगत नाही, देऊन टाकते. दोन, वजन. मोठ्या बॅटरीमुळे गाड्या दोन टनांच्या घरात गेल्या. तीन, रिजनरेशन. पाय उचलला की मोटर उलट काम करून गाडी मंद करते आणि बॅटरी भरते. गाडीची मोटर फक्त मागे असेल तर हे मंद करणं फक्त मागच्या चाकांवर होतं. निसरड्या वळणात रिजनरेशन जोरात ठेवून पाय झटक्यात उचलणं म्हणजे थोडासा हँडब्रेक ओढण्यासारखं आहे. सॉफ्टवेअर बहुतेक वेळा सांभाळून घेतं. पण पावसात रिजनरेशन कमी ठेवा, हे डिलिव्हरीच्या वेळी हार घालून फोटो काढणाऱ्या किती जणांनी तुम्हाला सांगितलं?

आता येणाऱ्या कमेंटना आधीच उत्तर

"ईएससी आहे ना, मग काय?" आहे, आणि ती जीव वाचवते. कधीही बंद करू नका. पण ईएससी टायरचा पगार वाढवत नाही, फक्त खर्चाचं नियोजन चांगलं करते. पगारच शून्यावर आला तर नियोजन काय करणार?

"वेगमर्यादा पाळली की झालं, एवढं पाल्हाळ कशाला?" वेगमर्यादा कोरड्या रस्त्यासाठी लिहिलेला वरचा आकडा असतो. समृद्धीवर कारला १२० ची परवानगी आहे म्हणून साचलेल्या पाण्यात १२० ने जायचं नसतं. पाण्यावर टायर तरंगला की फ्रंट, रिअर, ऑल, सगळ्या गाड्या सारख्याच, होडी.

"कल्याणीनगरचं काय?" मे २०२४ चं ते प्रकरण वय, दारू आणि व्यवस्थेबद्दलच्या आरोपांचं आहे. ते या विषयात घुसडून त्याचं गांभीर्य मला कमी करायचं नाही.

"श्रीमंतांचे चोचले, आम्हाला काय?" दादा, समोरून येणारी गाडी श्रीमंताची आहे. तुम्ही दुचाकीवर आहात. चोचले त्याचे, हाडं तुमची.

मग करायचं काय?

आपला परवाना बघा. एलएमव्ही. साडेसात टनांपर्यंतचं काहीही हलकं वाहन. ६७ पीएसच्या अल्टोवर परीक्षा द्या आणि दुसऱ्या दिवशी ५३० पीएसची गाडी काढा, कायद्याला काही अडचण नाही. परीक्षेत आठ काढायचा, रिव्हर्स घ्यायचा. गाडी घसरली तर काय करायचं, यावर एक मिनिटही नाही.

बाहेर काय चाललंय? इटलीत नवीन परवानाधारकाला पहिली तीन वर्षं १०५ किलोवॅटपेक्षा जास्त ताकदीची कार चालवता येत नाही. त्यावर वजनाच्या प्रमाणातली मर्यादा आणखी वेगळी. वर सांगितलेली बीई ६ बरोबर त्याच्या दुप्पट आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२४ पासून अतिशक्तिशाली गाड्यांसाठी परवान्याचा वेगळा वर्ग आणला. त्यासाठी आधी अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, आणि अशा गाडीची सुरक्षा यंत्रणा उगाच बंद करून चालवणं हा गुन्हा आहे. तिथेही हे सहज झालं नाही. २०१९ मध्ये ॲडलेडला एका लँबोर्गिनीने फुटपाथवरच्या पंधरा वर्षांच्या मुलीचा जीव घेतला, त्यानंतरच्या पाठपुराव्यातून झालं. आपण कशाची वाट बघतोय?

माझ्या मागण्या साध्या आहेत.

१. ठरावीक ताकदीच्या वरच्या गाडीसाठी परवान्यावर वेगळी नोंद आणि एक दिवसाचं प्रशिक्षण. पाणी मारलेल्या बंद मैदानावर गाडी घसरवून दाखवा, सावरायला शिकवा. भोसरीला सीआयआरटी आहे, कोथरूडला एआरएआय आहे, चाकणला कारखाने आहेत. माणसं आणि ज्ञान इथेच आहे, फक्त सामान्य ड्रायव्हरपर्यंत येत नाही.

२. सार्वजनिक रस्त्यावर ईएससी बंद करून स्टंट करणाऱ्याचा परवाना निलंबित. दंड भरून रील टाकण्याची सोय नको.

३. कंपन्यांनी माहितीपत्रकात पहिल्या पानावर लिहावं, ताकद कुठल्या चाकांना आणि निसरड्या रस्त्यावर गाडी कशी वागते. सनरूफचं पान दुसरं ठेवा.

४. "ऑल व्हील ड्राइव्ह म्हणजे पावसात सुरक्षित" असं सूचित करणाऱ्या जाहिरातींना चाप.

सरकार करेल तेव्हा करेल. तुमच्या हातातलं आज करा. टायर बघा. दोनच नवीन घेणार असाल तर नवीन जोडी मागे टाका, गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह असली तरीही. टायरवाला म्हणेल, "साहेब, इंजिन पुढे आहे, नवीन पुढेच टाकू." त्याला नम्रपणे नाही म्हणा. पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जाते, तुम्हाला कळतं, वेग कमी करता येतो. मागचे घसरले तर गाडी फिरते, आणि तेव्हा तुमच्याकडे एक सेकंद असतो. पुढच्या-मागच्या टायरची मापं वेगळी असलेल्या गाड्यांत हा प्रश्न येत नाही, तिथे मागची जोडी झिजायच्या आधीच बदला, कारण ताकद बहुतेक तिथेच जाते.

आणि पुढच्या वेळी शोरूममध्ये गेलात की "किती देते" आणि "किती सेकंदात" यानंतर एक प्रश्न अजून विचारा, "पकड सुटली की ही गाडी मला कुठून आणि किती आधी सांगते?" उत्तर आलं नाही तर तिथून उठा, दुसऱ्या शोरूमला जा. ग्राहकाने प्रश्न विचारला की बाजाराला उत्तर शोधावं लागतं. मायलेजच्या बाबतीत आपण हेच करून दाखवलंय ना?

पावसाळ्यात घाटात भेटूच. अंतर ठेवून.

पटलं तर घरात जो कोणी नवीन गाडीच्या शोधात आहे त्याला पाठवा. नाही पटलं तर कमेंटमध्ये या, मुद्द्यावर भांडू. "आमची गाडी भारी" एवढंच म्हणायचं असेल तर गाडीचा नव्हे, टायरचा फोटो टाका.